मतदार यादीतून नाव गेलं, आता? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझे आईवडील दरवर्षी दिवाळी उरकली की कोल्हापूरकडे ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. मधल्या काळात गावातलं घर बंद असतं. यंदाच्या यादीत दोघांचीही नावं नाहीत. चौकशी केली तर ‘स्थलांतरित म्हणून कमी केली’ असं सांगतात. हे कायद्याला धरून आहे का?
*— एक वाचक, धारूर तालुका*

नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम २० मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की, राहत्या ठिकाणाहून तात्पुरता बाहेर गेलेला माणूस तेवढ्याने तिथला ‘सर्वसाधारण रहिवासी’ राहत नाही असं होत नाही. हंगामापुरती फडावर टाकलेली कोपी (झोपडी) हा तुमच्या आईवडिलांचा पत्ता नव्हे. त्यांचा पत्ता गावचाच.

मयत मतदार सोडले तर नाव कमी करण्याआधी नोटीस देऊन म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. गडबड होते ती इथेच. चौकशी आणि नोटीस दोन्ही ऐन हंगामात होतात, दाराला कुलूप असतं, उत्तर द्यायला घरात कोणी नसतं आणि नाव जातं. बीडच्या डोंगरपट्ट्यात तांडे, वस्त्या अर्ध्याअधिक रिकाम्या असतात तेव्हा केलेली पडताळणी खरं चित्र दाखवूच शकत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता करायचं काय? मतदार नोंदणी अधिकारी म्हणजे बहुतेक ठिकाणी उपविभागीय अधिकारी. त्यांच्याकडे लेखी अर्ज करून नाव कोणत्या तारखेच्या आदेशाने आणि कोणाच्या ‘नमुना ७’ (नाव कमी करण्याचा अर्ज) वरून कमी झालं ते विचारा, आदेशाची प्रत मागा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नका. तोंडी तक्रारीला पुढे काहीच आधार राहत नाही. आदेशापासून १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. तिथेही नाही म्हटलं तर ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरं अपील. मुदत निघून गेली असेल तर ‘नमुना ६’ भरून नव्याने नोंदणी करा. राहण्याचा पुरावा म्हणून आधार, बँक किंवा पोस्टाचं पासबुक, वीजबिल, सातबारा यांपैकी एक लागतो. यातलं काहीच नसेल तरी अर्ज नाकारता येत नाही. बीएलओने (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने) प्रत्यक्ष येऊन पडताळणी करायची असते.

हे सगळं टोळी निघायच्या आधी उरका. उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत एकही नाव घालता किंवा काढता येत नाही, आणि अर्ज हरकतींसाठी खुला ठेवावा लागत असल्यामुळे तो त्याच्याही निदान १० दिवस आधी पोचावा लागतो. २०२४ च्या विधानसभेला उमेदवारी अर्जाची मुदत २९ ऑक्टोबरला संपली आणि मतदान २० नोव्हेंबरला झालं. म्हणजे १९ ऑक्टोबरनंतर केलेली नोंदणी त्या निवडणुकीला उपयोगी पडली नाही.

एक वेगळी शक्यताही तपासा. नाव यादीत असतं, पण मतदान केंद्रावरच्या ‘गैरहजर, स्थलांतरित, मयत’ या वेगळ्या यादीतही त्यावर खूण असते. अशा माणसाला परत पाठवता येत नाही. ओळखपत्राची नीट तपासणी होते, सहीबरोबर अंगठाही घेतात आणि मत देता येतं.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १३५-ख प्रमाणे लोकसभा-विधानसभेच्या मतदानादिवशी पगारी सुटी मिळते, रोजंदारीवरच्यांनाही. पण फडावरून गावी यायचं भाडं कोणी द्यावं याची तरतूद नाही आणि हंगामी मजुरांना टपाली मतही नाही. उमेदवाराने फुकट गाडी पाठवली तर तो याच अधिनियमाच्या कलम १२३(५) खाली भ्रष्टाचार ठरतो. लाखो माणसं या फटीत अडकतात आणि ती बुजवायची जबाबदारी कायदे करणाऱ्यांचीच आहे.

प्रश्न : माझं माहेर जिंतूरचं, सासर वसमतचं. दोन्हीकडच्या यादीत नाव आहे. सासरच्या लोकांनी नवा अर्ज भरला होता. काही अडचण येईल का?
*— एक वाचक भगिनी, वसमत*

येऊ शकते. दोन मतदारसंघांच्या यादीत नाव ठेवायला १९५० च्या अधिनियमाच्या कलम १७ ची मनाई आहे, आणि नोंदणीच्या अर्जात जाणूनबुजून खोटं लिहिल्यास त्याच्याच कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. लग्नानंतर नवा ‘नमुना ६’ भरायचाच नसतो. पत्ता बदलायला ‘नमुना ८’ आहे. तुमच्या बाबतीत जिंतूरचं नाव कमी करण्यासाठी ‘नमुना ७’ भरा आणि पोच जपून ठेवा.

प्रश्न : केंद्रावर गेलो तर माझ्या नावावर आधीच कोणीतरी मतदान करून गेलेलं. अधिकारी म्हणाले, ‘आता काही करता येणार नाही.’ खरंच काही करता येत नाही का?
*— एक वाचक, अंबड*

करता येतं आणि तो तुमचा हक्क आहे. याला प्रदत्त मत म्हणतात, बोलीत ‘टेंडर मत’. केंद्राध्यक्षांना सांगा, ‘मला प्रदत्त मतपत्रिका द्या.’ ते ओळखीबद्दल प्रश्न विचारतील. उत्तरं पटली की वेगळ्या यादीत तुमची सही घेऊन कागदी मतपत्रिका देतील. मशीनचं बटण दाबायचं नाही. बाणाच्या फुलीचा शिक्का उमेदवाराच्या नावापुढे मारायचा, घडी घालायची आणि पत्रिका केंद्राध्यक्षांच्या हातात द्यायची. ती वेगळ्या पाकिटात जाते.

हे मत नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत. निवडणूक याचिकेत न्यायालयाने सांगितलं तरच पाकीट उघडतं. तरीही ते द्याच, कारण बोगस मतदान झाल्याचा तोच सरकारी दस्तऐवज. लोकसभा-विधानसभेच्या निकालानंतर ४५ दिवसांत अशी याचिका मतदारालाही करता येते. मराठवाड्यासाठी ती उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात.

जाताना फक्त मतदार चिठ्ठी नेऊ नका, ओळखपत्र म्हणून ती एकटी चालत नाही. रेशनकार्डही चालत नाही. मतदार कार्ड नसेल तर आधार, पॅन, रोजगार हमीचं जॉबकार्ड, फोटो असलेलं पासबुक चालतं.

प्रश्न : भावावर फौजदारी खटला चालू आहे. तो मत देऊ शकतो का?
*— एक वाचक, औसा*

जामिनावर असेल तर देऊ शकतो. १९५१ च्या अधिनियमाच्या कलम ६२(५) प्रमाणे तुरुंगात किंवा पोलीस कोठडीत असलेल्याला, मग तो कच्चा कैदी असला तरी, मतदान करता येत नाही. अपवाद फक्त प्रतिबंधक स्थानबद्धतेतल्या (खबरदारी म्हणून डांबून ठेवलेल्या) माणसाचा. कोठडीत असल्यामुळे नाव यादीतून जात नाही, हे मात्र ध्यानात ठेवा.

प्रश्न : विधानसभेच्या यादीत नाव आहे, पदवीही आहे. मग पदवीधर मतदारसंघाच्या यादीत नाव का नाही?
*— एक वाचक, नांदेड*

विधान परिषदेच्या निवडणुकीची ती यादी वेगळी असते आणि दर निवडणुकीसाठी कोरी करून नव्याने तयार होते. मागच्या वेळी नाव होतं म्हणून यंदा ते आपोआप येत नाही. अनेक जण इथेच फसतात. त्यासाठी ‘नमुना १८’ भरायचा. अर्हता दिनांक (पात्रता मोजायची तारीख) १ नोव्हेंबर. त्याच्या आधी पदवीला तीन वर्षं पूर्ण व्हायला हवीत आणि ती निकाल जाहीर झाल्याच्या तारखेपासून मोजतात, पदवीदान समारंभापासून नव्हे. पदवी देशातल्या कुठल्याही विद्यापीठाची चालते, पण राहणं मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतल्या या मतदारसंघातच हवं. नोकरीनिमित्त पुण्यात स्थायिक झालेल्याने तिकडे नोंदणी करावी. एकगठ्ठा अर्ज स्वीकारत नाहीत, त्यामुळे एखाद्या कार्यकर्त्याकडे अर्ज सोपवून निश्चिंत राहू नका.

मतदान कागदावर, पसंतीक्रमाने. केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केच पेननेच लिहायचं. स्वतःच्या पेनने लिहिलं की मत बाद. एका उमेदवारापुढे १ हा आकडा हवाच, पुढचे क्रम ऐच्छिक. ‘एक’ असं अक्षरी लिहू नका, बरोबरची किंवा चुकीची खूण करू नका, सही करू नका. एकच आकडा दोघांपुढे टाकू नका.