माझ्या क्रमांकाची पाटी वर होते तेव्हा

स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की माझ्या समुपदेशन कक्षात महाविद्यालयीन व्हॉलीबॉल संघांतील मुली येऊ लागतात. शब्द वेगवेगळे असले तरी बहुतेकींची चिंता एकच असते: "मला पहिल्या सहांत का घेत नाहीत?", "ऐन सामन्यात मलाच बाहेर का काढतात?", "म्हणजे मी कमी पडते, असंच ना?" कधी पालक येतात आणि मुलगी किती वेळ मैदानावर होती याचा हिशेब मांडतात. हा प्रश्न या वर्षी इतक्या वेळा समोर आला की एका मुलीची हकिकत तिच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहावी, असे वाटले. आमच्या सात भेटी झाल्या. त्यांतील मोजकेच संवाद येथे देत आहे.

ती महिला व्हॉलीबॉल संघाची सेटर, म्हणजे आक्रमकांना मारण्यासाठी चेंडू उचलून देणारी खेळाडू, होती आणि हे तिचे तिसरे वर्ष होते. पहिली दोन वर्षे संघात एकच सेटर असे आणि ती म्हणजे हीच. सेट सुरू झाल्यापासून संपेपर्यंत संघाच्या तीन स्पर्शांपैकी दुसरा स्पर्श तिचाच असायचा. या हंगामात प्रशिक्षकांनी रचना थोडी बदलली. खेळाडू ठरलेल्या क्रमाने जागा बदलतात; अशी फिरता फिरता ती जाळ्याजवळच्या पुढच्या रांगेत आली की तिला आणि तिच्या बरोबर तिरक्या समोरच्या जागेवरील खेळाडूला ते एकदमच बाहेर बोलवत. तिच्या जागी पुढे एक उंच आक्रमक येई आणि दुसरीच्या जागी मागच्या रांगेत नवी सेटर येई. तीन रोटेशन, म्हणजे जागांचे तीन फेरबदल, झाल्यावर दोघी पुन्हा आत येत. खेळाच्या दृष्टीने हा डाव जुना आणि सर्वमान्य आहे. सेटर स्वतः पुढच्या रांगेत असताना संघाकडे पुढे दोनच आक्रमक उरतात आणि सेटर फारशी उंच नसेल, तर प्रतिस्पर्धी नेमके तिच्या ब्लॉकवरून, म्हणजे चेंडू अडवायला जाळ्यावर उंचावलेल्या हातांवरून, स्मॅश मारतात. महिलांच्या व्हॉलीबॉलमध्ये जाळे 2.24 मीटर उंच असते आणि त्याच्या वर हात किती पोहोचतो, यावर पुढच्या रांगेचे बरेच काही अवलंबून असते. हे सारे तिला माझ्यापेक्षा कितीतरी चांगले ठाऊक होते, आणि तरीही ती रात्र रात्र जागी राहत होती.

पहिल्या भेटीत तिने जे सांगितले ते मी विसरलेले नाही. "मॅडम, मी बाहेर जाते ती नेहमी आम्ही गुण जिंकल्यावर. समोरच्यांची सर्व्हिस आम्ही मोडतो, सगळ्या एकमेकींच्या हातावर टाळ्या देतात, आणि तेवढ्यात बदलासाठी माझ्या क्रमांकाची पाटी वर होते. सगळ्या आनंदात असतात आणि मी बाकाकडे चालत असते."

समोरच्या संघाच्या सर्व्हिसवर गुण मिळाला की सर्व्हिस आपल्याकडे येते आणि सहाही जणी एकेक जागा पुढे सरकतात, हा खेळाचा नियमच आहे. त्यामुळे तिची बाहेर जाण्याची वेळ आणि संघाच्या आनंदाची वेळ एकच होती. प्रशिक्षकांनी ती मुद्दाम निवडलेली नव्हती. पण आपल्यावाचून आनंद चालू आहे, हे दृश्य माणसाला सर्वांत जास्त लागते. मी तिला लगेच समजावायला गेले नाही. तिचे दुःख आधी तिच्या शब्दांत नीट ऐकून घेतले. तरुण खेळाडूंशी बोलणाऱ्या प्रत्येकाने ही घाई टाळावी, कारण "अगं, संघाचं हित पाहा" हे वाक्य त्या मुलीने अगोदरच दहा वेळा ऐकलेले असते.

दुसऱ्या भेटीत मी तिला रोटेशन शिकवायला सांगितले. समोरचा माणूस ज्या जगात राहतो त्या जगाचे नियम समजल्याशिवाय त्याच्या विचारांना हात घालायचा नाही, ही माझी कित्येक वर्षांची शिस्त आहे आणि या शिस्तीने मला कधी निराश केलेले नाही. तिने वहीत सहा चौकटी काढल्या आणि आकडे घातले. मागे उजवीकडे एक, तिथून सर्व्हिस. पुढे उजवीकडे दोन, मध्ये तीन, डावीकडे चार. मागे डावीकडे पाच आणि मध्ये सहा. लिबेरो, म्हणजे फक्त मागे बचाव करणारी खेळाडू, कुठे, असे मी विचारले.

"ती मागच्या रांगेतल्या मुलीच्या जागी येते आणि तिची पुढे जायची वेळ आली की बाहेर जाते. तिला सर्व्हिस नाही, ब्लॉक नाही, जाळ्याच्या वरून मारणं नाही. तिचं आत-बाहेर बदलांत मोजतही नाहीत."

"म्हणजे संघात सर्वांत जास्त वेळा बाहेर कोण जातं?"

"लिबेरोच."

"तिला अपमान वाटतो?"

ती हसली. "तिला कशाला वाटेल? तिचं कामच ते आहे."

"म्हणजे रेषेबाहेर येण्यात अपमान नसतो, असं दिसतं."

त्यावर ती काही बोलली नाही, पण वहीतल्या त्या चौकटींकडे बराच वेळ पाहत राहिली. मीही तिला तिथेच सोडले.

पुढच्या वेळी ती स्वतःच एक शोध घेऊन आली. एका सेटमध्ये संघाला सहाच बदल मिळतात, आणि सुरुवातीला आत असलेली खेळाडू सेटमध्ये एकदाच बाहेर जाऊन एकदाच परत येऊ शकते. दोघींना बाहेर काढताना दोन बदल आणि परत आणताना दोन, म्हणजे सहांपैकी चार बदल या एका डावावर खर्च होतात. "मॅडम, नको असलेल्या खेळाडूला परत आणण्यासाठी कुणी बदल खर्च करेल का? आणि परत येते ती मी थेट सर्व्हिसलाच येते. म्हणजे सरांना मी हवी असते!"

तिचा चेहरा इतका उजळला होता की कोणालाही तिथेच थांबावेसे वाटले असते. प्रेमाने सल्ला देणारे बहुतेक जण इथेच थांबतात. मी थांबले नाही, आणि त्याचे कारण माझ्या वैचारिक बैठकीत आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 मध्ये मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीच्या वाटेने मी काम करते. ही पद्धत मला शिकवते की अनुकूल पुराव्यावर उभे राहिलेले समाधान प्रतिकूल पुरावा आला की कोसळते. म्हणून ज्याची भीती वाटते ते घडले आहे असे क्षणभर मानावे आणि तिथे उभे राहून विचार करावा. मी तिला विचारले, "आणि एखाद्या सेटमध्ये त्यांनी तुला परत आणलंच नाही तर?"

तिचा चेहरा पडला. त्या दिवशी ती थोडी रागावूनच गेली असावी.

पुढच्याच आठवड्यात ते घडले. दुसऱ्या सेटमध्ये ती बाहेर गेली, नव्या सेटरचे हात जमून आले, सलग गुण मिळत गेले, आणि प्रशिक्षकांनी चालत्या गाड्याला खीळ घातली नाही. तो सेट संघाने जिंकला. ती बाकावर होती.

"तुम्ही विचारलं होतं ते झालं," ती आत येताच म्हणाली आणि रडू लागली. मी तिला रडू दिले. मग आमचे बोलणे झाले ते असे.

"तू परत आत गेली नाहीस, हे खरं. त्या सेटपुरती दुसरी सेटर संघाला जास्त उपयोगी पडली, हेही खरं मानू या. आता तुझ्या मनात यापुढचं वाक्य कोणतं येतं?"

"की मी कुचकामी आहे."

"हे वाक्य कुणी उच्चारलं?"

"कुणी नाही. पण त्याचा अर्थ तोच होतो ना?"

"सेटपूर्वी प्रशिक्षक पंचांना क्रमवारीचा कागद देतात, असं तू म्हणाली होतीस. तो कसा असतो, मला काढून दाखव."

तिने पुन्हा सहा चौकटी काढल्या आणि प्रत्येकीत जर्सीचा क्रमांक घातला.

"यात नावं नसतात?"

"नाही, फक्त क्रमांक. खाली सरांची सही."

"कोण चांगली, कोण कुचकामी, असा काही रकाना?"

तिने मान हलवली. मग पेन्सिल खाली ठेवून, माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "आणि हा कागद एका सेटपुरताच असतो. पुढच्या सेटला सर नवा देतात." मी काहीच बोलले नाही. मिनिटभराने ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, मी तो कागद दर वेळी घरी नेत होते."

इतक्या वर्षांत अनेक खेळाडूंशी बोलताना मला जे सांगायचे होते, ते या मुलीने एका वाक्यात सांगितले, आणि ते तिच्याकडून निघावे यासाठी मी चार भेटी धीर धरला होता, याचे मला समाधान आहे. क्रमवारीचा कागद एका मर्यादित प्रश्नाचे उत्तर असतो: या प्रतिस्पर्ध्यासमोर, 25 गुणांच्या या सेटमध्ये, कोण कुठून सुरुवात करील? प्रशिक्षकांचे उत्तर बरोबर असेल, कदाचित चूकही असेल. पण आपण त्या कागदाला भलताच प्रश्न विचारतो. मी माणूस म्हणून किती मोलाची आहे, हे त्या सहा चौकटींत शोधू लागतो आणि तिथे नसलेले उत्तर स्वतःच लिहून घरी नेतो. एलिस यांचा आग्रह असे की माणसाच्या कृतीला गुण द्यावेत, माणसाला देऊ नयेत. तिचा ब्लॉक कमी उंच होता, हे कृतीचे मोजमाप. ते करावे, नेमके करावे, आणि त्यावर मेहनत घ्यावी. ती कमी दर्जाची आहे, हे कशाचेच मोजमाप नव्हते.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. तिला वाईट वाटणेच बंद व्हावे, असा माझा प्रयत्न मुळीच नव्हता. पूर्ण सेट खेळावा अशी तिची तीव्र इच्छा होती आणि ती सुंदर इच्छा होती. ती पुरी झाली नाही तर वाईट वाटणारच. तिला जागे ठेवत होता तो त्या इच्छेचा झालेला हट्ट: मला खेळवलेच पाहिजे, नाही तर मी कोणीच नाही. इच्छा राहिली आणि हट्ट सुटला, तेव्हा तिची झोप परतली. ती सरावानंतर ब्लॉकची उडी आणि हातांची वेळ साधण्यासाठी थांबू लागली. हे काम ती आधीही करू शकली असती, परंतु स्वतःला कुचकामी म्हणण्यातच सारी ताकद जात होती.

ज्या मुली हे वाचत असतील त्यांना मी आग्रहाने सांगते की प्रशिक्षकांशी जरूर बोला, पण सामना संपल्या संपल्या नको. दुसऱ्या दिवशी वेळ मागून घ्या. "मला का काढलं?" या प्रश्नाला बहुधा बचावाचे उत्तर मिळते. "मी पुढच्या रांगेत असताना आपण कुठे गुण गमावतो?" या प्रश्नाला कामाचे उत्तर मिळते. या मुलीने तसेच विचारले, आणि सरांनी तिला दाखवून दिले की ती ब्लॉकला जाताना अर्धे पाऊल उशिरा पोहोचते. उंची तिच्या हातात नव्हती, पण ते अर्धे पाऊल होते. बाकावर बसून काय करायचे, हेही आधी ठरवून ठेवा. ती समोरच्या मधल्या ब्लॉकरकडे पाहू लागली, ती कोणाच्या दिशेने आधी झुकते हे टिपू लागली, आणि 30 सेकंदांच्या विश्रांतीत दुसऱ्या सेटरला तेवढे एक वाक्य सांगू लागली.

प्रशिक्षक खरोखरच पक्षपाती असतील तर काय, असे मला नेहमी विचारले जाते. तसे असू शकते. तेव्हा पुराव्यासह आणि योग्य ठिकाणी तक्रार करावी, गप्प बसू नये. मात्र त्या अन्यायानेही तुमची किंमत ठरत नाही, आणि हे पक्के असलेली मुलगी तक्रारसुद्धा अधिक ठामपणे करते.

पालकांना माझी एवढीच विनंती आहे की सामन्यानंतर घरी परतताना पहिला प्रश्न "किती वेळ खेळलीस?" हा नसावा. तो कागद घरी पोहोचवण्याचे काम बऱ्याचदा आपणच करतो. आणि प्रशिक्षकांना सांगावेसे वाटते की अशी रचना करायची असेल, तर ती मुलीला हंगामाआधी समोर बसवून समजावा. या प्रशिक्षकांनी पुढे तसे केले. दहा मिनिटांचे बोलणे, पण महिनाभराच्या घुसमटीवर पडदा पडला.

हंगामाच्या शेवटी त्यांचा उपांत्य सामना पाचव्या सेटपर्यंत गेला. तो सेट 15 गुणांचा असतो आणि कोणत्याही संघाचे आठ गुण झाले की बाजू बदलतात. सुरुवातीच्या सहांत ती होती. बाजू बदलण्याच्या थोडे आधी तिच्या क्रमांकाची पाटी वर झाली, आणि सेट इतक्या लवकर संपला की परत आत जाण्याची वेळच आली नाही. संघ दोन गुणांनी हरला.

चार दिवसांनी ती शेवटच्या भेटीसाठी आली. मी विचारले, "त्या दिवशी रडलीस?"

"खूप. आम्ही हरलो म्हणून," ती म्हणाली, आणि वही उघडून शेवटच्या गुणाच्या रॅलीत कोण कुठे उभी होती ते मला दाखवू लागली.