‘हो, घोडे चालतात’ एवढ्यावर निघू नका

तुमचा प्रश्न वाचला. दोन घोडे, तीन रात्री, उद्यानातल्या तळावर जागा आरक्षित झाली आहे, कार्यालयाने फोनवर ‘हो, घोडे चालतात’ असं सांगितलंय आणि आता तुम्हाला सामानाची यादी हवी आहे. यादीकडे नंतर येतो. आधी त्या तीन शब्दांबद्दल, कारण माझं सगळ्यात मोठं नुकसान याच उत्तराने केलं.

या उत्तरात चार वेगवेगळ्या परवानग्या एकत्र झालेल्या असतात: घोडा गाडीतून उद्यानात आणण्याची, ठरावीक वाटांवर त्यावर बसून फिरण्याची, त्याला रात्रभर तळावर ठेवण्याची, आणि तिथे कसं बांधायचं नि काय घालायचं याची. फोन उचलणारा माणूस बहुधा पहिल्या दोन परवानग्यांबद्दल बोलत असतो, कारण घोडा घेऊन येणारे बरेच जण संध्याकाळी परत जातात. एका उद्यानाच्या कार्यालयाने (नाव मुद्दाम लिहीत नाही) आरक्षण घेतलं, घोड्यांची संख्या नोंदवली, पैसेही घेतले. फाटकावर कळलं की ती जागा फक्त तंबूंची आहे, घोड्यांचा तळ वेगळा आहे आणि तो दुरुस्तीसाठी बंद आहे. पैसे परत मिळाले नाहीत, ते एक वेळ सोडून देता येतं. पण दिवसभर गाडीत उभ्या राहिलेल्या जनावरांना त्याच रात्री पुन्हा तेवढाच प्रवास घडवणं, हे सोडून देण्यासारखं नाही. एका वाक्याची चौकशी कार्यालयाने केली असती तर ते टळलं असतं. घोडा म्हणजे गाडीत ठेवून देता येणारी सायकल नव्हे, हे टेबलामागच्या माणसाला कळायला हवं.

म्हणून आजच लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. प्रश्न मोघम नकोत. आमच्या आरक्षणाचा जागाक्रमांक घोडा रात्री ठेवण्यासाठी मंजूर आहे का? एका जागेवर किती घोडे? गोठे किंवा कुंपण आहे, की दोर बांधायचा? झाडांना दोर बांधायला परवानगी आहे का? पिण्याचं पाणी जागेवर आहे का, आणि त्या तारखांना नळ चालू असतील का? (थंडीत पाइप फुटू नयेत म्हणून अनेक ठिकाणी नळ बंद ठेवतात आणि आरक्षण मात्र चालू राहतं.) गवताबद्दल काही अट आहे का? लीद कुठे टाकायची? कुठल्या वाटा घोड्यांना खुल्या आहेत, आणि त्यांपैकी आत्ता कुठली बंद आहे? शेवटचा प्रश्न निघण्याच्या दोन दिवस आधी परत विचारा. पावसाने पूल गेला किंवा झाड आडवं पडलं तर चालणारा माणूस वळसा घालून जातो, घोडा जाऊ शकत नाही.

गाडीची लांबीही कळवा. ओढणारी गाडी आणि ट्रेलर मिळून एकूण लांबी, मागचं दार पूर्ण उघडल्यावर लागते ती धरून. ‘मोठी गाडी मावते’ या उत्तरावर विसंबू नका; आत वळवायला जागा आहे की मागे घेत बाहेर पडावं लागेल, ते विचारा.

कागदपत्रांत बहुतेकांची गाडी तारखेवर अडते. इक्वाइन इन्फेक्शस अ‍ॅनिमिया या रोगाची रक्ततपासणी (कॉगिन्स) बऱ्याच ठिकाणी मागतात. हा रोग चावणाऱ्या माश्यांमुळे पसरतो, त्यावर इलाज नाही, म्हणून ही अट अजिबात जाचक नाही. पण तपासणीचा अहवाल यायला दिवस लागतात, आणि आरोग्य दाखल्याची मुदत या तपासणीच्या मुदतीहून बरीच कमी असते. दोन्हींच्या मुदतीत परतीचा दिवसही बसायला हवा. नियम जागेनुसार बदलतात, तुमच्या ठिकाणचे तुमच्या पशुवैद्याकडूनच खात्री करून घ्या.

आता दोराबद्दल. झाडाच्या खोडाला घोडा थेट बांधणं बहुतेक ठिकाणी मना आहे, आणि ते बरोबरच आहे. कंटाळलेला घोडा साल सोलतो आणि टापांनी मुळं उघडी पाडतो, आणि खोडाची साल सगळीकडून गेली की झाड मरतं. दोन मजबूत झाडांमध्ये आडवा दोर ताणा, घोड्याच्या डोक्याच्या वर, जमिनीपासून निदान २.१ मीटर. खोडाभोवती दोर नको, किमान ५ सेंटिमीटर रुंद पट्टा लावा. साधा नायलॉनचा दोर रात्रीच्या ओढाताणीत सैल पडतो. कमी ताणणारा दोर घ्या आणि झोपण्याआधी एकदा परत ताणा. दोन घोड्यांमध्ये ३ मीटर अंतर, आणि झाडापासून प्रत्येक घोडा निदान २ मीटर लांब. बांधायच्या जागी फिरती कडी लावा, नाहीतर घोडा गोल फिरून दाव्याला पीळ घालतो.

दाव्याची लांबी हा या सगळ्यातला नाजूक भाग. घोड्याचं तोंड जमिनीवरच्या गवतापर्यंत पोचलं पाहिजे, पण त्याने मान वर केल्यावर दाव्याचा झोल गुडघ्याखाली येता कामा नये. झोलात पाय अडकला की घोडा मागे रेटतो, आणि दोरानं कापलेली टाच महिनोन्महिने बरी होत नाही. मोरखी, म्हणजे दावं अडकवायचा डोक्यावरचा पट्टा, चामड्याची असू द्या. जिवावर बेतलं तर चामडं तुटतं, नायलॉन तुटत नाही. हे सगळं घरी किमान दोन रात्री करून बघा. बॅटरीवरचं विजेचं कुंपण नेणार असाल तर त्याचीही ओळख घरीच व्हायला हवी. अनोळखी जागेत पहिल्याच रात्री घाबरलेल्या घोड्याला ती बारीक दोरी दिसतही नाही. मोरखीवर तुमचा फोन नंबर लिहिलेली पट्टी लावा आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा.

चारा. ५०० किलोच्या घोड्याला वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे रोज साधारण ८ ते १० किलो वाळलेलं गवत. दोन घोडे, तीन रात्री, शिवाय एक दिवसाचा जादा साठा, असा हिशेब धरा. ‘तिथे मिळेल’ असं मानू नका. मिळालं तरी ते वेगळं गवत असेल, आणि चारा अचानक बदलला की पोटशूळ उठण्याचा धोका वाढतो. बदल करायचाच असेल तर ७ ते १० दिवसांत, हळूहळू. काही उद्यानं तणाच्या बियांपासून मुक्त असं प्रमाणित गवतच आत येऊ देतात. तसं असेल तर निघण्याआधीचे तीन-चार दिवस घरी फक्त तेच गवत घाला, कारण घोड्याच्या पोटातून बी जिवंत बाहेर पडतं आणि लिदीतून रुजतं. म्हणजे बदल सुरू करायचा दिवस त्याच्याही आधीचा. चंदी मात्र वाढवू नका. जास्त श्रम म्हणून जास्त दाणा, हा मला चुकीचा वाटणारा पण सर्रास दिसणारा प्रकार आहे. जादा ताकद गवतातून द्या.

पाणी रोज एका घोड्याला २५ ते ४० लिटर, उन्हात चढ असेल तर त्याहून जास्त. अनोळखी पाण्याला तोंड न लावणारे घोडे खूप असतात. आठवडाभर आधीपासून पाण्यात थोडा सफरचंदाचा रस मिसळून पाजा. तोच वास तिथल्या पाण्याला दिला की पितात. घरची बादलीही न्या. ओलं केलेलं गवत दिलं तरी बरंच पाणी पोटात जातं.

प्रवासात दर तीन-चार तासांनी थांबून पाणी दाखवा. ट्रेलरमध्ये डोकं उंच बांधून ठेवू नका. घोड्याला मान खाली घालून नाकातली धूळ आणि शेंबूड बाहेर टाकता आला नाही तर तो छातीत उतरतो आणि फुप्फुसं सुजतात. लांबचा प्रवास असेल तर पोचल्याच्या दिवशी खोगीर चढवू नका. नाल मारणं निघण्याच्या ७ ते १० दिवस आधी. आदल्या दिवशी मारलेला खिळा जिवंत भागात लागला असेल तर लंगडणं वाटेत कळतं. नाल पडली तर घालायला खुराचा एक बूट खोगिराच्या पिशवीत हवा.

रोजचं अंतर ठरवताना नकाशावरचे किलोमीटर बघू नका, तास मोजा. सपाटीला चालीवर ताशी ५-६ किलोमीटर, डोंगरात ४ धरा. स्वार आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत ठेवा. तुमचे घोडे वर्षभर मऊ मैदानात फिरलेले असतील तर पहिल्या दिवशी तीन तास पुरेत. समोरून पायी येणाऱ्यांना उताराच्या बाजूला उभं राहायला सांगा आणि बोलत राहायला सांगा. गप्प उभा माणूस घोड्याला शिकारी वाटतो.

मी पशुवैद्य नाही, म्हणून औषधांबद्दल काही सांगणार नाही. तुमच्या घोड्याचे विश्रांतीतले आकडे मात्र घरी लिहून घ्या: मिनिटाला नाडी साधारण २८ ते ४४, श्वास ८ ते १६, तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस. थांबल्यावर अर्ध्या तासानेही नाडी ६० च्या खाली येत नसेल, किंवा घोडा खात नाही, लीद टाकत नाही, सारखा पोटाकडे वळून बघतो, तर सकाळची वाट बघू नका. जवळच्या पशुवैद्याचा नंबर कागदावर लिहून ठेवा, तळावर फोनला सिग्नल असेलच असं नाही. आणि तळाच्या आसपास कण्हेर आहे का ते उजेडातच बघा. तिची थोडी पानंही घोड्याला मारायला पुरतात, वाळलेलीसुद्धा.

तळ सोडताना लीद आणि उरलेलं गवत ठरवलेल्या जागी टाका, तशी जागा नसेल तर बरोबर न्या. टापांनी पडलेले खड्डे बुजवा. दोर झऱ्यापासून किंवा तळ्यापासून ६० मीटरच्या आत कधीच बांधू नका.

तिसरा घोडा सामानासाठी न्यावा का, असंही विचारलंय. तीन रात्रींसाठी आणि गाडी तळापर्यंत जात असेल तर नको. कार्यालयाचं लेखी उत्तर आलं की इथे टाका, दोर बांधायचा आहे की गोठा आहे त्यावरून यादी बदलेल.