काचेवरचे पट्टे बहुतेक वेळा आतून असतात

प्रश्न : मी चिपळूणला राहते. दर शनिवारी संध्याकाळी कुंभार्ली घाटाने कराडला आईकडे जाते. निघण्याआधी गाडी स्वतः पुसते. दिवसा काच लख्ख दिसते, पण घाटात समोरून ट्रकचा हेडलाइट पडला की काचभर पांढरट पट्टे उमटतात आणि पुढचं वळणच दिसेनासं होतं. वेगवेगळे स्प्रे वापरून झाले. सासरे म्हणतात, वर्तमानपत्राने पूस. शिवाय आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, बाहेरून काचेवर त्याचे पांढरे डाग पडलेत. कापड कोणतं घ्यावं, लिक्विड कोणतं?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, रात्री घाटात काच साफ असणं ही हौस नव्हे, जिवाशी गाठ आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्या वॉशिंग सेंटरवर अशी तक्रार आली की मी आधी पुढची काच आतून बघतो. तुम्हीही आतल्या बाजूने कोरडं बोट ओढून बघा. रेघ उठली तर तिथे ओशट थर धरलाय. गाडी उन्हात उभी राहते, डॅशबोर्डचं प्लास्टिक तापतं, त्यातले तेलकट अंश उडून काचेवर बसतात. त्यात आपला श्वास आणि एसीतून येणारी धूळ. डॅशबोर्डला चकाकीचं पॉलिश मारत असाल तर ते आजपासून बंद करा, त्याने थर आणखी लवकर धरतो. दिवसा हा थर नजरेला येत नाही. समोरून झोत आला की तोच उजेड पसरवतो.

हा ओशटपणा जुन्या बनियनने किंवा पिवळ्या फडक्याने निघत नाही, नुसता इकडचा तिकडे होतो. मायक्रोफायबर घ्या, पण दुकानदार जाडजूड, लव असलेलं दाखवेल ते नको. ते बॉडी पुसायला चांगलं. काचेला पातळ, घट्ट आणि आखूड विणीचं कापड लागतं. पाकिटावर जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, लिहिलेलं असतं, 250 ते 300 च्या आसपास बघा. चौकड्यांच्या उठावदार विणीचं, ज्याला वॅफल म्हणतात, तेही छान चालतं. दोन कापडं घ्या आणि ती फक्त काचेसाठीच ठेवा. सासऱ्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, कागदाचा बोळा पाणी शोषतो आणि काच बऱ्यापैकी घासतो. पण त्याची शाई दाराच्या रबराला आणि सीटला लागते, म्हणून मी तो गाडीत वापरू देत नाही.

आता लिक्विड. त्यात फार अडकू नका. काचेला आतून फिल्म असेल तर अमोनिया नसलेला क्लीनर घ्या, अमोनियाने फिल्म खराब होते. घरी करायचं असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं मिसळा. दारं उघडी ठेवा, जवळपास काडी ओढू नका आणि मीटरच्या प्लास्टिकवर ते उडू देऊ नका.

खरी चूक होते ती लिक्विड जास्त मारण्यात. आतून काम करताना काचेवर फवारू नका, कापडावर फवारा, नाहीतर ओघळ डॅशबोर्डच्या फटीत जातो. गाडी सावलीत आणि काच थंड हवी. तापलेल्या काचेवर लिक्विड पुसण्याआधीच वाळतं आणि पट्टा राहतो. पहिल्या कापडाने थोडा थोडा भाग पुसा आणि तो ओलसर असतानाच दुसऱ्या, कोरड्या कापडाने कोरडा करा. बरेच दिवस आतून पुसलं नसेल तर हे सगळं लगेच दुसऱ्यांदा करा, पहिल्या हातात थर पूर्ण निघत नाही. डॅशबोर्डला काच मिळते त्या कोपऱ्यात हात पोचत नाही. तिथे बाजूच्या सीटवर बसा, तळहात खाली डॅशबोर्डकडे करा, बोटांच्या पाठीवर कापड धरा आणि तसाच हात आत सरकवा. मागच्या काचेवर डिफॉगरच्या, म्हणजे काचेवरचं धुकं घालवणाऱ्या, तारा असतील तर तारांच्या दिशेनेच हलक्या हाताने पुसा.

आणखी एक सवय लावून घ्या. आतून आडवं पुसा, बाहेरून उभं. मग एखादा पट्टा राहिलाच तर तो कुठल्या बाजूचा हे बघताक्षणी कळतं. दाराच्या काचा दोन बोटं खाली घेऊन वरची कडही पुसा, तिथली काळी रेघ हमखास राहून जाते.

बोअरच्या पाण्याचे डाग म्हणजे क्षार. आधी गाडी धुऊन माती काढा, नाहीतर काचेवर चरे पडतील. मग पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर सारखं घेऊन कापड भिजवा, डागावर दोनेक मिनिटं धरा, पुसा आणि साध्या पाण्याने धुऊन लगेच कोरडं करा. रंगावर ओघळू देऊ नका. जुने डाग काचेत मुरलेले असतात, ते व्हिनेगरने जात नाहीत. त्यांना काचेचं पॉलिश लागतं आणि ते जाणकाराकडूनच करून घ्यावं. पुढे डाग पडू नयेत म्हणून बोअरच्या पाण्याने धुतलेली काच कधीही आपोआप वाळू देऊ नका. वायपरचं रबरही ओल्या कापडाने पुसा. कापड काळं होत असेल तर बाहेरची चापाकार रेघ त्याचीच.

कापडं साध्या साबणाने वेगळी धुवा. सुती कपड्यांबरोबर टाकलीत तर त्यांची लव धरतात, आणि फॅब्रिक कंडिशनर घातलंत तर शोषायची थांबतात. सावलीत वाळवा. धुऊनही पाणी टिपेनासं झालं की ते कापड चाकांच्या रिम पुसायला काढा आणि काचेसाठी नवं आणा.