पांढऱ्या गाडीवरचे तांबूस ठिपके

प्रश्न : आमची पांढरी गाडी पाच वर्षांची आहे. इमारतीशेजारी लोखंडी ग्रिल बनवणारे वर्कशॉप आहे. बॉनेट, टप आणि डिकीवर मोहरीहून बारीक तांबूस ठिपके पडले असून ते शाम्पूने जात नाहीत. गेल्या महिन्यात घरीच वॅक्स लावले, तरी चमक आली नाही आणि रंग पिवळट वाटू लागला. काय चुकले?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : आपण वॅक्स लावण्याची घाई केलीत, एवढेच चुकले. ग्राइंडरमधून उडणारे लोखंडाचे तप्त कण रंगावरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअर कोटमध्ये रुततात आणि पावसाळी दमट हवेत गंजतात. असे कण ब्रेकमधून आणि रेल्वेच्या रुळांवरूनही उडतात. काळ्या गाडीवर ते लपून जातात, पांढऱ्या गाडीवर मात्र एकेक ठिपका उठून दिसतो. त्यांच्यावरच वॅक्स चढवले, तर मळ आत तसाच राहतो.

आधी सावलीत, पत्रा थंड असताना गाडी भरपूर पाण्याने धुवावी. शाम्पूच्या पाण्याची एक आणि कापड खळबळण्यासाठी साध्या पाण्याची दुसरी, अशा दोन बादल्या ठेवाव्यात आणि टपापासून खाली उतरत यावे. कपड्यांची पावडर वापरू नये. मग ओल्या पत्र्यावर आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडाचे कण विरघळवणारा द्रव, फवारावा. तीनचार मिनिटांत प्रत्येक ठिपक्यापासून जांभळे ओघळ सुटलेले दिसतील. पांढऱ्या रंगावर हे दृश्य इतके ठळक असते की आपल्या गाडीवर किती लोखंड बसले होते ते तेव्हाच कळते. वास उग्र असतो, त्यामुळे हातमोजे घालून मोकळ्या जागेतच हे काम करावे आणि द्रव वाळण्यापूर्वी गाडी धुऊन टाकावी.

त्यानंतर हात पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बोटे बॉनेटवरून हलकेच फिरवून पाहा. खरखर जाणवली, तर क्ले बारचा, म्हणजे रंगात रुतलेला मळ ओढून काढणाऱ्या चिकणमातीसारख्या वडीचा, छोटा तुकडा मळून मऊ करावा, पत्रा शाम्पूच्या पाण्याने बुळबुळीत ठेवावा आणि तुकडा अजिबात न दाबता सरळ रेषेत पुढेमागे फिरवावा. तो मळला की घडी घालून स्वच्छ बाजू वर घ्यावी. खाली पडला, तर जीव कितीही हळहळला तरी फेकून द्यावा, कारण त्याला चिकटलेली वाळू रंगावर ओरखडे काढते.

पिवळटपणाची परीक्षा सोपी आहे. दार उघडून चौकटीच्या आतला रंग बाहेरच्या रंगाशी ताडून पाहावा, कारण आतल्या भागाला ऊन आणि धूर कमी लागतो. वरील सफाईनंतर दोन्ही सारखे दिसले, तर तो पिवळेपणा साचलेल्या मळाचा होता. तरीही फरक राहिला, तर हलक्या पॉलिशचा विचार करता येईल, पण ते जाणकाराकडूनच करून घ्यावे. क्लिअर कोट साधारणपणे केसाच्या जाडीपेक्षाही पातळ असतो आणि दुकानात सर्रास मिळणारे रबिंग कंपाउंड, म्हणजे घासण्याची खरखरीत पेस्ट, तोच खरवडते. पॉलिश थर घासून काढते, तर वॅक्स थर चढवते; हा भेद न जाणल्यामुळे अनेकांच्या गाड्यांचे नुकसान होते, म्हणून मुद्दाम सांगतो.

वॅक्स शेवटी, गाडी पूर्ण वाळल्यावर लावावे. एका वेळी अर्धे बॉनेट एवढाच भाग घेऊन अगदी पातळ हात द्यावा. जाड थर पुसताना फक्त दमछाक होते. पांढऱ्या पत्र्यावर वाळलेले वॅक्स दिसत नाही, म्हणून टॉर्च तिरपा धरून पाहावे आणि बोट फिरवल्यावर स्वच्छ रेघ उमटली की मायक्रोफायबरच्या कापडाने पुसून घ्यावे. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर आधी मास्किंग टेप लावावी, नाहीतर तिथे वॅक्सचे पांढरे डाग राहतात.

प्रश्न : वॅक्स किती दिवसांनी लावावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : कार्नोबा वॅक्स, म्हणजे एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळणारे नैसर्गिक मेण, आपल्या उन्हात दोनएक महिने टिकते; वॅक्सऐवजी लावायचे कृत्रिम सीलंट त्याहून जास्त. पाणी टाकल्यावर थेंब गोळा होण्याऐवजी पसरू लागले, की पुन्हा लावावे. पावसाळ्यापूर्वी एक हात जरूर द्यावा. मात्र रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसण्याची पद्धत चालू असेल, तर ती आधी बंद करावी. धुळीवर कोरडे फडके फिरले की बारीक ओरखडे पडतात. पांढऱ्या रंगावर ते दिसत नसले, तरी चमक त्यांनीच जाते.