इन्डिस्ट्रक्टिबल : टिकाऊच्या पलीकडचा शब्द

प्रश्न : तुळशीबागेत आमचे भांड्यांचे दुकान आहे. जाड बुडाच्या कढयांच्या इंग्रजी जाहिरातीत ‘ड्युरेबल’ऐवजी ‘इन्डिस्ट्रक्टिबल’ लिहू, असे मुलगा म्हणतो. चालेल का?

उत्तर : मी ‘ड्युरेबल’च ठेवीन. ‘ड्युरेबल’ म्हणजे टिकाऊ. वस्तू पुष्कळ वर्षे टिकेल असे तो शब्द सांगतो आणि कधीतरी झिजेल हेही धरून चालतो. ‘इन्डिस्ट्रक्टिबल’ म्हणजे नष्ट करताच न येणारे. मोडायला अवघड असणे वेगळे आणि मोडणे अशक्य असणे वेगळे.

शनिवारवाडाच घ्या. 1828च्या आगीत आतले लाकडी महाल जळून गेले. दगडी जोती, तट आणि दिल्ली दरवाजा अजून उभे आहेत. त्या तटाला ड्युरेबल खुशाल म्हणावे, पण इन्डिस्ट्रक्टिबल म्हणायला मी धजणार नाही. मग कढईला कसे म्हणायचे? उद्या गिऱ्हाईक कान तुटलेली कढई घेऊन आले, तर तोच शब्द तुमच्यापुढे ठेवील. मुलाचा फारच आग्रह असेल तर आधी ‘ऑलमोस्ट’ लावा. ‘व्हेरी इन्डिस्ट्रक्टिबल’ मात्र नको. अशक्य गोष्ट कमी-जास्त अशक्य नसते.

प्रश्न : सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. ‘विनाशी राज्यांचा अविनाशी संघ’ हे भारताचे वर्णन पाठ आहे, पण राज्ये ‘विनाशी’ कशी, हे पटत नाही.

उत्तर : हा शब्द जिथे अक्षरशः खरा धरला जातो, अशी ही जागा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मूळ वाक्य अमेरिकेचे. 1861मध्ये टेक्सास संघातून फुटले, यादवी युद्ध झाले. पुढे 1869मध्ये ‘टेक्सास विरुद्ध व्हाइट’ खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, राज्यघटनेला अभिप्रेत आहे तो इन्डिस्ट्रक्टिबल राज्यांचा इन्डिस्ट्रक्टिबल संघ. म्हणजे संघ मोडता येत नाही आणि राज्येही पुसता येत नाहीत.

आपल्याकडे यातला अर्धाच भाग लागू होतो. अनुच्छेद 3नुसार संसद कायदा करून राज्याची सीमा, नाव, क्षेत्र बदलू शकते, नवे राज्य घडवू शकते. संबंधित विधिमंडळाचे मत मागवावे लागते, पण ते बंधनकारक नसते. 1 मे 1960 आठवा : द्विभाषिक मुंबई राज्य गेले, महाराष्ट्र आणि गुजरात आले. भारत मात्र तोच राहिला. ‘विनाशी’चा अर्थ इतकाच, की राज्याच्या आजच्या रूपाला घटनेने कायमची हमी दिलेली नाही. राज्य उद्ध्वस्त करणे वगैरे त्यात काही नाही.

4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधानाचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी हाच शब्द योजला : संघराज्य हे ‘युनियन’ आहे, कारण ते इन्डिस्ट्रक्टिबल आहे. राज्यांच्या करारातून ते जन्मले नाही, म्हणून कोणत्याही राज्याला फुटून निघण्याचा हक्क नाही, असे त्यामागचे कारण त्यांनी दिले. तिथे ‘ड्युरेबल’ घालून वाचा. ‘टिकाऊ संघ’ म्हटले की फुटण्याची वाट उघडी राहते. शब्द किती नेमका निवडला होता, ते तिथे कळते, आणि मला तो प्रत्येक वाचनात नव्याने आवडतो.

प्रश्न : मुलीचे या शब्दाचे स्पेलिंग हमखास चुकते. युक्ती सांगा.

उत्तर : तुकडे पाडा : इन, डी, स्ट्रक्ट, इबल. मधला ‘स्ट्रक्ट’ म्हणजे ‘स्ट्रक्चर’मधलाच, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ रचणे. ‘डी’ लागला की रचलेले पाडणे, आणि ‘इन’ लागला की पाडता न येणे. शेवटच्या ‘इबल’मध्ये आय आहे, ए नाही. उच्चारात जोर ‘स्ट्रक’वर.

प्रश्न : आमची आजी ऐंशीच्या पुढे आहे, दोन शस्त्रक्रियांनंतरही पर्वती चढते. तिला हा शब्द लावावा का?

उत्तर : अवश्य लावा. माणसाबद्दल तो कौतुकाने म्हणतात. आपण ‘भारी चिवट आहे हो म्हातारी’ म्हणतो, तसाच. फक्त ती रुग्णालयात असताना वापरू नका. तेव्हा ‘स्ट्राँग’ म्हणा.