गावाचे गुरुजी, घरातले बाबा

गेलेल्या माणसाबद्दल मनात तक्रार असली, तर आपले त्याच्यावर प्रेमच नव्हते की काय, अशी धास्ती घेऊन अनेक जण समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात. शिक्षक, कीर्तनकार, भजनी मंडळ चालवणारे, गावासाठी झिजलेले कार्यकर्ते यांची मुले आणि पत्नी त्यांत अधिक असतात. प्रश्न थोड्याफार फरकाने एकच असतो: "सारं गाव रडलं, मग मलेच रडू का नाही आलं?" एका ताईंच्या अनुभवाच्या आधारे या प्रश्नाचे उत्तर येथे मांडत आहे. त्यांची संमती घेतली असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ब्रह्मपुरी ते वडसा या पट्ट्यातल्या एका गावात या ताईंचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धानाच्या भागात, दिवाळीनंतर गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते आणि मंडईच्या रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. वडशाच्या नाटक कंपन्यांना बोलावण्याची रीत आता सर्वत्र रूढ असली, तरी या गावाने आपल्याच पोरांचे नाटक बसवण्याची परंपरा टिकवली, ती गुरुजींच्या बळावर. ज्यांना धड वाचता येत नसे त्यांच्याकडून ते ऐकवून ऐकवून संवाद पाठ करून घेत, पडदे रंगवत आणि प्रयोगाच्या रात्री विंगेत उभे राहून प्रॉम्प्टिंग करत, म्हणजे नटांना संवाद हळूच सुचवत. या कामाचा त्यांनी एक पैसाही घेतला नाही.

त्यांच्या निधनाला वर्ष होत आले, तेव्हा मंडळाने नाटकाआधी त्यांच्या स्मरणार्थ कार्यक्रम ठेवला आणि मुलीने वडिलांविषयी दोन शब्द बोलावेत, असे ठरवले. त्या दिवसापासून ताईंची झोप उडाली.

"मॅडम, लोक म्हणतात, देवमाणूस होता तुझा बाप. मी काय सांगू जी? मंडईच्या दिवसांत बाबा आमाले दिसतच नव्हते."

"आणि घर कोण पाहत होतं?"

"माय. धान कापणीले तेव्हाच येते ना."

हलका धान दिवाळीच्या आसपास कापणीला येतो आणि नेमक्या त्याच दिवसांत तालमी रंगात येतात, हे झाडीपट्टीतल्या कोणालाही सांगावे लागत नाही. कापणी, बांधणी, मळणी, दोन लेकरे आणि म्हातारी सासू हे सारे या माउलीने एकटीने ओढले. गुरुजींच्या निःस्वार्थ सेवेचा अर्धा खर्च घराने सोसला होता. मात्र त्याची नोंद कुठल्याही श्रद्धांजलीत झाली नव्हती.

शोक करणे म्हणजे गेलेल्या माणसापासून मन हळूहळू सोडवून घेणे, हा मनोविश्लेषक फ्रॉइडने १९१७ मध्ये मांडलेला विचार दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. १९९६ मध्ये शोकाचे अभ्यासक डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी बाजू मांडली: मृत्यूनंतर नाते संपत नाही, त्याचे रूप बदलते आणि ते जपत माणूस नीट जगू शकतो. माझा कल या दुसऱ्या विचाराकडे आहे आणि आपल्याकडची माणसे पाहता तो मला अधिक खरा वाटतो. मात्र नाते टिकवायचे, तर ते खऱ्या माणसाशी असावे लागते. पुतळ्याशी भांडता येत नाही, आणि जिथे भांडता येत नाही तिथे मोकळेपणाने रडताही येत नाही. ताईंच्या वाट्याला गावाने घडवलेला पुतळा आला होता.

म्हणून मी त्यांना गुरुजींचे गुण सांगू नका, असे सुचवले. ते कसे उभे राहत, कसे बोलत, एवढेच सांगा, म्हटले. बराच वेळ त्या गप्प राहिल्या. मग खुर्चीतून उठल्या, दाराच्या चौकटीला खांदा लावून किंचित वाकल्या आणि हातात वही धरल्यासारखे करून अगदी हलक्या, पण स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "थांबा पाटील..."

"पुढे?"

"पुढं नाही सांगत. बाबा दोनच शब्द देत. सारं वाक्य दिलं तर नट आळशी होते म्हनत. बाकीचं त्यानं स्वतः शोधावं." त्या क्षणभर हसल्या. "शाळेतही तसेच शिकवत. फळ्यावर अर्धंच लिहीत आन् आमच्याकडे पाहत." आणि मग चौकट तशीच धरून म्हणाल्या, "साऱ्या गावाले दोन शब्द दिले जी. मी बारावीत नापास झाली, तवा मले एकही नाही दिला. तालमीले निघून गेले."

वर्षभर न आलेले रडू तेव्हा आले. मी त्यांना थांबवले नाही आणि समजूतही घातली नाही.

त्या क्षणाचे महत्त्व मला आजही वाटते, कारण वडिलांची लकब आणि त्यांनी दिलेली जखम एकाच दमात बाहेर आली. राग बाजूला सारल्यावर प्रेम दिसेल, अशी अनेकांची समजूत असते. माझ्या अनुभवात मात्र रागाला जागा मिळाली की त्याच्या लगोलग प्रेम येते. ज्याच्याकडून काही हवे होते, त्याच्याचबद्दल तक्रार उरते. ताईंना मी एवढेच म्हटले, "ते दोन शब्द तुम्हाला हवे होते, म्हणूनच तुम्ही त्यांना इतकं बारकाईनं पाहत होतात."

अशा घरातल्या नातेवाइकांना माझे कळकळीचे सांगणे आहे की, "तू किती भाग्यवान, असा बाप लाभला" हे वाक्य तेराव्यापर्यंत तरी टाळा. त्याने समोरच्याचे तोंड बंद होते. त्याऐवजी "घरी कसे होते ते?" असे विचारा आणि जे येईल ते ऐकून घ्या. ज्यांच्या मनात तक्रार आहे, त्यांनी ती कागदावर किंवा विश्वासातल्या एका माणसापुढे पूर्ण मांडावी. गावासमोर सगळे बोललेच पाहिजे असे नाही, आणि जाहीर सभेत जे बोलू ते खोटे असू नये, एवढे पथ्य पुरे. 'समर्पित', 'निष्ठावान' अशा शब्दांपेक्षा एक प्रसंग सांगावा. शोकाला ठरावीक मुदत नसते. मात्र सहा महिने उलटूनही झोप, जेवण, कामधंदा सावरत नसेल, तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जावे किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. जगण्यात अर्थ उरला नाही असे वाटू लागले, तर एक दिवसही थांबू नये.

ताई मंडईच्या रात्री बोलल्या. दोन शब्द देण्याची वडिलांची रीत त्यांनी सांगितली. त्यानंतर, बाबा विंगेत उभे असायचे तेव्हा माय धानाच्या बांधीत उभी असायची आणि नाटक दोघांमुळे व्हायचे, एवढे बोलून त्या खाली उतरल्या. बारावीचा प्रसंग त्यांनी स्वतःजवळ ठेवला. तो निर्णय त्यांचा होता आणि तो मला योग्य वाटतो.

पुढच्या भेटीला त्यांच्यासोबत आई आल्या. "पोरीले बोलावलं, मले कोनी इचारलंच नाही," त्या म्हणाल्या. आता बाजाराच्या दिवशी त्या एकट्या येतात आणि आमचे बोलणे बहुतेक वेळा धानापासून सुरू होते.