शिकण्यासाठी नोकरी सोडतेय, ईएसआयसीचे तीन महिन्यांचे पैसे मिळतील का?

जुन्नर तालुक्यातल्या एका मुलीचं पत्र आलंय, ईएसआयसी म्हणजे कामगार राज्य विम्याबद्दल, थोडक्यात सांगते. मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, १६ ऑगस्ट २०२१ पासून चाकणला एका पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे, ग्रॉस १८,५००, बेसिक आणि डीए मिळून १३,०००. आता डायरेक्ट सेकंड इयरला बी.ई. करायचंय, फुल टाइम, म्हणून मे अखेरीला राजीनामा द्यायचा विचार आहे. ओबीसीत येते, वडिलांची थोडी शेती, आईला शुगर-बीपी आणि औषधं ईएसआयसीच्या दवाखान्यातून चालतात. तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत: "मॅडम, पगारातून दर महिन्याला १३९ रुपये ईएसआयसीचे कापतात. लाइनवरचा एक दादा म्हणाला नोकरी गेली की तीन महिने अर्धा पगार मिळतो. मग मला शिकताना तो मिळेल ना? आणि व्हॉट्सअपवर महाराष्ट्र बेरोजगारी भत्ता महिना ५,००० ची लिंक आलीय ती भरू का? माझा मावसभाऊ जर्मनीत आहे, तिकडे तर सगळ्यांना मिळतो म्हणे."

तर ऐक, पहिलं उत्तर नाही असं आहे, पण पत्र इथेच बंद करू नकोस कारण तुझ्या बाबतीत खरा पैसा दुसरीकडे आहे आणि तू मे मध्ये निघालीस तर तो हातचा जाईल.

दादा म्हणतोय ती योजना खरी आहे, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, १ जुलै २०१८ ला सुरू झाली आणि मुदतवाढीवर चालत आलीय. आधी सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के मिळायचे, २०२० मध्ये कोविडच्या वेळी ते ५० टक्के केले, जास्तीत जास्त ९० दिवस आणि तेही आयुष्यात एकदाच. तुझ्या पगारावर तीन महिन्यांचे मिळून साधारण २७-२८ हजार होतात. पण ती ज्याची नोकरी *गेली* त्याच्यासाठी आहे. स्वतःहून नोकरी सोडली, व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेतली, गैरवर्तनामुळे काढलं, या सगळ्यांना ती लागू नाही, आणि शिक्षणासाठी दिलेला राजीनामा कितीही चांगल्या कारणासाठी असला तरी तो राजीनामाच धरतात. ईएसआयसीची दुसरी योजना आहे २००५ पासूनची, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, तिच्यात तर कारखाना बंद पडणं, छाटणी होणं किंवा कायमचं अपंगत्व येणं असंच काहीतरी लागतं, त्यामुळे तिचाही उपयोग नाही.

तुला वाटत असेल मी पाच वर्षं पैसे भरले मग माझा हक्क कसा नाही, ही भावना अगदी समजते मला. पण तुझे ते ०.७५ टक्के आणि कंपनीचे ३.२५ टक्के हे मुख्यतः दवाखाना, आजारपणाची रजा, बाळंतपण, कामावरचा अपघात यासाठी आहेत, त्यातून तुझ्या आईची औषधं आलीच आहेत. तो तुझ्या नावावर साठणारा पैसा नाही, पीएफ साठतो तसा.

आता एक गोष्ट जरा स्पष्ट बोलते कारण चाकण-रांजणगाव भागात हे सर्रास सुचवलं जातं. एचआर दर महिन्याला ईएसआयसीच्या पोर्टलवर वर्गणीची फाइल चढवतो, त्यात माणूस कमी झाला की कारण निवडावं लागतं, 'लेफ्ट सर्व्हिस' (स्वतः सोडली) वेगळं आणि 'रिट्रेंचमेंट' (छाटणी) वेगळं. कुणीतरी तुला म्हणेल की एचआरला सांगून रिट्रेंचमेंट टाकून घे, काय फरक पडतो. फरक पडतो. खोटी माहिती देऊन लाभ घेणं हा गुन्हा आहे, कैदेची तरतूद आहे त्यात, आणि समजा पकडली नाही गेलीस तरी आयुष्यात एकदाच मिळणारी ती गोष्ट तू २६ व्या वर्षी खोटेपणाने वापरून टाकलीस, पुढे कधी खरोखरच नोकरी गेली तर हात रिकामे. अजिबात करू नकोस.

उलटंही होतं आणि ते जास्त वाईट. कंपनीला माणसं कमी करायची असतात आणि मुलांकडून राजीनामे लिहून घेतात, 'सेटलमेंट लवकर होईल' म्हणून. तुझ्या आधी, म्हणजे तू राजीनामा द्यायच्या आत जर कंपनीनेच तुमच्या लाइनची माणसं कमी केली तर सही करू नकोस, कमी केल्याचं पत्र माग, कारण मग ती योजना खरंच लागू होऊ शकते, काम गेल्यावर ३० दिवसांनी क्लेम टाकता येतो. तुझ्या मैत्रिणींनाही सांग हे.

व्हॉट्सअपची लिंक डिलीट कर. महाराष्ट्रात असा सरसकट महिना ५,००० चा बेरोजगारी भत्ता नाही, आधार, बँक खातं आणि ओटीपी मागणाऱ्या साइट मात्र भरपूर आहेत. आपल्याकडे आहे ती मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना, २०२४ ची, बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,००० विद्यावेतन, पण ते काम करून शिकण्याचे पैसे आहेत आणि शिक्षण चालू असलेल्यांना ती लागूच नाही. कर्नाटकात युवा निधी म्हणून खरा भत्ता आहे, पदवीधराला ३,००० आणि डिप्लोमाला १,५००, तिथेही पुढे शिकत असशील तर मिळत नाही. जर्मनीचं सांगायचं तर तुझ्या मावसभावाने अर्धंच सांगितलंय, तिथे स्वतःहून नोकरी सोडली की साधारण १२ आठवडे भत्ता रोखतात, आणि फुल टाइम विद्यार्थ्याला 'हा कामासाठी मोकळा नाही' असंच धरून चालतात, वेगळं असेल तर ते त्याने सिद्ध करायचं. सगळीकडे विचार एकच, की भत्ता काम शोधणाऱ्याला, आणि दिवसभर कॉलेजात बसणारा काम शोधत नसतो.

आता माझा तुला प्रश्न, मे मध्ये का सोडतेस? डायरेक्ट सेकंड इयरला सीईटी नाही, डिप्लोमाच्या मार्कांवर मेरिट लागतं, कॅप राउंड, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या, जुलै ते सप्टेंबरच्या आसपास चालतात. मॅथ्सची भीती असेल (डिप्लोमावाल्यांना एम-थ्री, म्हणजे सेकंड इयरचं गणित, जड जातंच, त्यात लाजण्यासारखं काही नाही) तर शिफ्ट संपल्यावर रोज तासभर कर. मे ऐवजी तुझा शेवटचा कामाचा दिवस १५ ऑगस्ट २०२६ च्या पुढे गेला पाहिजे, एवढं एक पाळ, आणि का ते सांगते.

ग्रॅच्युइटी. पाच वर्षं सलग नोकरी झाली की ती राजीनामा दिला तरी मिळते, कारण विचारत नाहीत, शिकायला चाललीय की लग्न करतेय. हिशोब बघ, १३,००० भागिले २६ म्हणजे ५००, गुणिले १५ म्हणजे ७,५००, गुणिले ५ वर्षं, ३७,५०० रुपये. म्हणजे जो भत्ता मिळणार नाही त्याच्यापेक्षा जास्त, आणि पूर्ण हक्काचा. काही जण म्हणतील ४ वर्षं २४० दिवस झाले की पण मिळते, मद्रास हायकोर्टाचा तसा निकाल आहेही, पण तो निकाल घेऊन एचआरशी आणि मग लेबर ऑफिसमध्ये भांडत बसायचं की अडीच महिने जास्त काम करायचं, मी तर तुला दुसरंच सांगेन. दोन गोष्टी मात्र आजच तपास: ऑगस्ट २०२१ च्या पगार स्लिपवर कंपनीचं नाव आहे की कंत्राटदाराचं, आणि पहिलं वर्ष अप्रेंटिस म्हणून तर नव्हतं ना, कारण अप्रेंटिसशिपचा काळ ग्रॅच्युइटीत धरत नाहीत. ऑफर लेटर काढून नीट वाच. नोटीस महिन्याची असेल तर राजीनामा जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात टाकायचा, मोजतात तो शेवटचा दिवस, राजीनाम्याची तारीख नाही. कॉलेज आधी सुरू झालं तर शिल्लक पीएल (पगारी रजा) शेवटच्या दिवसांत बसवून दे म्हणून एचआरला सांग, पगारी रजेवर असलीस तरी नोकरीतच असतेस.

दुसरं आईचं, आणि हे मला ग्रॅच्युइटीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. ईएसआयसीचं वर्ष दोन तुकड्यांत मोजतात. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये किमान ७८ दिवसांची वर्गणी भरली गेली की पुढच्या जानेवारी ते जून दवाखान्याचा हक्क राहतो, नोकरी सोडलेली असली तरी. ऑक्टोबर ते मार्चची वर्गणी जुलै ते डिसेंबरला चालते. तू मे अखेरीला निघालीस तर एप्रिल-मे मिळून ६१ दिवस होतात, ७८ भरत नाहीत, म्हणजे आईची औषधं ३१ डिसेंबर २०२६ ला बंद. ऑगस्टमध्ये निघालीस तर बिनपगारी रजा जास्त नसतील तर ७८ आरामात होतात आणि ३० जून २०२७ पर्यंत कार्ड चालतं. इन्सुलिन आणि तपासण्या बाहेरून करायला लागल्या की काय होतं ते घरात बघितलेल्या माणसाला सांगायला नको, ते सहा महिने सोडू नकोस.

पीएफ लगेच सगळा काढू नकोस. पाच वर्षांच्या आत काढला तर तो करपात्र धरतात, पाच वर्षं भरली की तो प्रश्न मिटतो, तेव्हा इथेही तोच ऑगस्ट. आणि नोकरी सोडली तरी खात्यात व्याज पडत राहतं, पेन्शनची वर्षंही तशीच ठेव, यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) तोच राहतो, बी.ई. नंतर नवी नोकरी लागली की जोडून घे.

आता कॉलेजचा खर्च. ८ जुलै २०२४ चा सरकारी निर्णय आहे, ८ लाखांच्या आत कुटुंबाचं उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सला ट्युशन फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ, पण प्रवेश कॅपमधूनच हवा, मॅनेजमेंट कोट्यातून घेतलास की गेलं. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, बस आपल्यालाच. नॉन-क्रिमिलेअर आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढायला टाक, जून-जुलैत सेतूत रांगा असतात आणि तलाठ्याच्या सहीसाठी जुन्नरच्या दोन-तीन फेऱ्या होतातच, जातीची व्हॅलिडिटी (जात वैधता प्रमाणपत्र) नसेल तर तीही लगेच. उत्पन्नात तुझा पगारही धरला जाणार, तो लपवू नकोस, ८ लाखांच्या तू खूप खाली आहेस. प्रवेश झाला की महाडीबीटीवर (सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) फॉर्म भरायचा विसरू नकोस, आधार बँकेला लिंक आहे का ते आधीच बघ. राहण्यासाठी ओबीसी मुलामुलींना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, तिच्या अटी जिल्ह्याच्या इतर मागास बहुजन कल्याणच्या ऑफिसमध्ये विचार, जागा मर्यादित आहेत.

आणि एक रस्ता तू पत्रात विचारलाच नाहीस. २०२३-२४ पासून एआयसीटीईने (तांत्रिक शिक्षणाची केंद्रीय परिषद) नोकरी करणाऱ्यांसाठी बी.ई. सुरू केलंय, एक वर्षाचा अनुभव आणि कॉलेज कामाच्या ठिकाणापासून ५० किलोमीटरच्या आत, वर्ग संध्याकाळी किंवा शनिवार-रविवार. चाकणपासून पुणे आणि पिंपरी-चिंचवडची कॉलेजं त्यात बसतात. शिफ्ट फिरती असेल तर जड आहे, मी सोपं म्हणणार नाही, आणि प्रवेश वेगळा असल्यामुळे फीचं कॉलेजात आधी विचारून घ्यावं लागेल, पण पगार आणि ईएसआयसी दोन्ही चालू राहतं. सुपरवायझर जनरल शिफ्ट देईल का हे या आठवड्यात विचार. देणार असेल तर मी हेच निवड म्हणेन, नसेल तर ऑगस्टपर्यंत थांबून फुल टाइम.

ऑफर लेटर आणि पहिली पगार स्लिप बघितलीस की मला कळव, अप्रेंटिसचा महिना जरी मध्ये निघाला तरी तारीख बदलते, ती आपण परत मोजू.